जोमा मिस्त्री आणि हलकं चाक

जोमा मिस्त्रीनं उभ्या आयुष्यात एकदाच शब्द फिरवला, आणि तोही नेमका माझ्यादेखत. त्याबद्दल मी त्याला महिनाभर येता-जाता टोमणे मारले. टोमणे मारण्यात मी पहिल्यापासून हुशार. व्हर्नाक्युलर फायनल पास झालो होतो, डोक्यावर कंडक्टरची टोपी होती. दुसऱ्याची लाज काढायला माणसाला याहून जास्त काय लागतं!

लढाईचे दिवस होते, बेचाळीस-त्रेचाळीसचा सुमार. चौक गावापासून कर्जतपर्यंत अशी नानाशेटची एक सर्व्हिस मोटार चालायची. 'चालायची' हे मी आपलं मोटारीचा मान राखून म्हणतो. सरकारनं पेट्रोल मापानं द्यायला सुरुवात केल्यापासून तिच्या मागच्या अंगाला एक लोखंडी भट्टी बांधली होती. डोंगरातले कातकरी लाकडाचा कोळसा पाडून आणत, तो त्या भट्टीत धुमसायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालायचं. सकाळी अर्धा तास हातपंखा फिरवून ही भट्टी फुलवायची, हे कंडक्टरचं काम. पहिल्या उतारूला तिकीट देईपर्यंत माझं तोंड असं काही रंगलेलं असे, की ओळखीची माणसंसुद्धा मला 'काय रं, कुठला तू?' म्हणून विचारायची. आणि एवढं करून मोटार चढण दिसली की धापा टाकायची.

तिला जिवंत ठेवण्याचं काम जोमा मिस्त्रीकडं होतं. चौकात हमरस्त्याला लागून त्याची शेड होती. शेड म्हणजे चार वासे, वर गंजके पत्रे आणि मागं राहायचं खोपटं. मिस्त्री पन्नाशीचा, काटकुळा, कानामागं विझलेली बिडी. मुंबईला कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या मोटारींवर दहा-बारा वर्षं काम करून तो गावी परत आला होता. का परत आला, हे कुणी विचारलं की म्हणायचा, "सायेब लय बोलत व्हता." स्वतः मात्र काम करताना अवाक्षर बोलायचा नाही, आणि दुसऱ्यालाही बोलू द्यायचा नाही. इंजिन उघडलं की तो आपल्या बायकोचं जुनं लुगडं जमिनीवर पसरायचा. एकेक भाग घासलेटात धुऊन, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं त्यावर मांडायचा. ते लुगडं ओलांडायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा चुकून ओलांडलं, तर त्यानं मला शेडच्या बाहेर काढलं आणि सगळे भाग पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला. मी उन्हात उभा. शेजारच्या हॉटेलातली माणसं फिदीफिदी हसत होती.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी म्हणालं, "मिस्त्री, जरा लवकर हं," की तो मान वर न करता म्हणायचा, "घाई तुमची, काम माजं." गरीब असो, श्रीमंत असो, वाक्य तेच. एकदा एक फौजदारसाहेब आपली मोटार घेऊन आले. चढावर गाडी ओढत नाही, क्लच जळाल्याचा वास येतो, अशी तक्रार. मिस्त्रीनं गाडीखाली शिरून बघितलं, बाहेर येऊन हात पुसले.

"साहेब, जरा चालवून दाखवा."

साहेबांनी शंभर पावलं नेली, परत आणली. मिस्त्री खाली बसून त्यांच्या पायाकडं बघत होता.

"गाडीत कायबी नाय," तो म्हणाला. "खोट तुमच्या डाव्या पायात हाय. त्यो क्लचवरनं हलतच नाय. गाडी हितं ठेवून उपेग नाय, पाय ठेवून जावा."

साऱ्या हॉटेलात चहाच्या बश्या जागच्या जागी थांबल्या. फौजदाराला असं बोलणारा माणूस आमच्या मुलखात तरी दुसरा नव्हता. साहेब लालबुंद झाले, पण निघून जाताना त्यांचा डावा पाय क्लचवरून बाजूला होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

दुसरी गोष्ट लग्नाच्या वऱ्हाडाची. शेलूला लग्न, वऱ्हाड आमच्या मोटारीत. नवरदेव बाशिंग बांधून पुढं बसलेला, मागं वाजंत्री, टपावर रुखवताच्या परड्या. चौकात पाणी भरायला म्हणून गाडी थांबली आणि मिस्त्री नुसता बाजूनं चालत गेला. पुढच्या चाकाशी थांबला, वाकला, हातानं काहीतरी हलवून बघितलं आणि म्हणाला, "उतरा सगली."

एक बोल्ट ढिला झाला होता. तो आवळून भागण्यासारखा नव्हता, आटे गेले होते, नवा घडवायला हवा होता. नवरदेवाचा बाप पाया पडायचाच काय तो बाकी राहिला. नानाशेट स्वतः धावत आले. "अरे जोमा, मुहूर्त टळंल! जाऊ दे एवढी खेप!"

"लगीन सांजच्याला बी लागंल शेट," मिस्त्री म्हणाला. "चाक सुटलं तर हलद उतरवायला नवरा कुठनं आनाल?"

नवरदेव तीन तास झाडाखाली बाशिंग सांभाळत बसला. भटजींनी दुसरा मुहूर्त शोधला. भटजींना दुसरा मुहूर्त नेहमीच सापडतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सांगायचं एवढंच, की अडवायचं म्हटलं तर हा माणूस वाजंत्र्यांसकट वऱ्हाड अडवू शकत होता. म्हणून तर पुढं जे घडलं त्याचा मला एवढा राग आला.

झालं असं. मोटारीचा क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागेवरच. आमचा ड्रायव्हर गणपत हाही फौजदारसाहेबांच्याच पंथातला, डावा पाय कायम क्लचवर. मिस्त्रीनं सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावी लागेल, क्लचच्या तबकडीला नवं अस्तर मारावं लागेल. लढाईमुळं नवी तबकडी मिळणं शक्य नव्हतं, तेव्हा गिरणीच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे कापून तो ते तांब्याच्या रिबिटांनी बसवणार होता. इथवर सगळं ठीक होतं.

त्याच सुमारास माथेरानला हवा खायला निघालेला मुंबईचा एक गृहस्थ चौकात टायर पंक्चर होऊन अडकला. नानाशेटनी त्याला चहा पाजला. त्यानं चहाच्या बदल्यात ज्ञान दिलं. म्हणाला, शर्यतीच्या मोटारी असतात ना, त्यांचं फ्लायव्हील लेथवर तासून हलकं करतात, मग गाडी बाणासारखी सुटते.

फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये फिरणारं बिडाचं जाड चाक. क्लचची तबकडी त्याच्यावरच दाबून बसते. म्हणजे क्लच बदलायला गाडी उघडली की ते आयतं समोर येतं. नानाशेटच्या डोक्यात पक्कं बसलं, की आता गाडी उघडणारच आहे तर हेही उरकून घ्यावं. त्यांनी मुंबईहून भंगार बाजारातनं तसलंच एक चाक मिळवलं, लेथवर अर्धं तासून घेतलं आणि गोणपाटात गुंडाळून आणलं. हॉटेलच्या बाकावर ठेवून जो येईल त्याला उचलून बघायला सांगायचे.

सगळा गाव त्यांच्या बाजूचा होता. का, तर भातशेती करणाऱ्या माणसाला ती गोष्ट लख्ख पटण्यासारखी होती. बैल थकला की जू हलकं करायचं, गाडीतलं ओझं उतरवायचं. आमचं इंजिन कोळशाच्या धुरावर थकलं होतं. मग त्याच्या मानेवरचं एवढं जड चाक उतरवायला नको? लहान पोरालाही कळेल. मलाही कळलं, आणि मी तर फायनल पास होतो.

एकट्या मिस्त्रीला कळेना.

"शेट, हे वजं नाय," तो म्हणाला. "ही कनगी हाय. भात झोडल्यावर कनगी भरून ठेवता आनि आवनीच्या दिसांत त्यातनं खाता, तसं हाय ह्ये. इंजन जोरात असंल तवा चाक जोर साठवतं. गाडी उठवायच्या येलेला देतं. इंजन अशक्त हाय म्हनून तर जड चाक पायजे. कनगी बारकी केली म्हंजी घर जेवतं व्हय?"

"अरे पण शर्यतीच्या गाड्या—"

"त्या शर्यतीत थांबत्यात कुठं? आपली गाडी झाडागनिक थांबते. ह्यो हात करतो, ती कोंबड्या चढवते. दर खेपंला पन्नास येला उठायचं हाय हिला."

"हातात उचलून तर बघ. किती हलकं!"

"तुमच्या भाताच्या गिरनीचं चाक मानसायेवडं हाय. आदी त्ये तासा."

"गिरणी कुठं चालत जाते?"

"कनगी बी जात नाय."

असं आठ दिवस चाललं. गाडी दगडांवर चढवलेली, गिअरबॉक्स लुगड्यावर, अस्तर मारून तबकडी तयार, आणि दोन चाकं शेजारी-शेजारी. उतारू चालत कर्जत गाठत होते आणि वाटेत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आठव्या दिवशी हॉटेलातल्या सगळ्यांसमोर मिस्त्रीनं सांगून टाकलं, "हे हलकं चाक माज्या हातनं बसायचं नाय. वाघोबाच्या चढनीला गाडी मागं येईल. मानसं भरलेली असत्यात."

वाघोबाची चढण म्हणजे कर्जतकडं जाताना तीनेक मैलांवरचा खडा चढ. उजवीकडं खोल ओढा. चढाच्या अगदी मध्यावर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड. देवाला पायथ्याशी बसायला काय झालं होतं, पण नाही. रिवाज असा, की जाणाऱ्या प्रत्येकानं तिथं थांबायचं, रानातली एक हिरवी टहाळी मोडायची आणि दगडावर ठेवायची. गाडी असली तरी सुटका नाही. चढावर गाडी उभी करायची, कंडक्टरनं उतरायचं, टहाळी ठेवायची, शिटी मारायची आणि सुटत्या गाडीत उडी घ्यायची. हे न करता गेलेल्या गाडीत आमच्या भागातला एकही माणूस पुन्हा पाय ठेवणार नाही.

हे सगळं नानाशेटना ठाऊक होतं. पण त्यांना वाटलं, मिस्त्री आडमुठेपणा करतोय. ते म्हणाले, "ठीक आहे. तू नको बसवूस. उद्या सकाळी बैल जोडून गाडी खालापूरला नेतो. तिथला मिस्त्री बसवायला तयार आहे, मी विचारून आलोय. आणि एकदा गाडी तिकडं गेली की तिकडंच जात राहील, हे लक्षात ठेव."

पेट्रोलअभावी रस्त्यावरच्या खासगी मोटारी घरोघर गोठ्यात उभ्या होत्या. आमची सर्व्हिस गेली तर मिस्त्रीच्या शेडमध्ये कोंबड्यांशिवाय कुणी येणार नव्हतं. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मी तर मनात म्हटलं, आता बघा, आता देतो फटकारा.

मिस्त्रीनं कानामागची बिडी काढली, पेटवली. अर्धी ओढून झाल्यावर विचारलं, "खरंच न्यानार, शेट?"

"उद्या सकाळी."

"तो घालनार हे नक्की?"

"अरे, वाट बघतोय तो."

"मंग नको. मीच घालतो," मिस्त्री म्हणाला आणि उठून पाना हुडकायला लागला.

संपलं! फौजदाराचा पाय काढणारा, नवरदेवाला झाडाखाली बसवणारा जोमा मिस्त्री पोटाला चिमटा बसायची वेळ आल्यावर अर्ध्या बिडीत सरळ झाला. मला वाटलं, आपलीच कुणी फसवणूक केली. मी मोठ्यानं म्हणालो, "वा मिस्त्री, शब्द म्हणजे शब्द!" तो लुगड्यावरचा एकेक भाग उचलत राहिला. काम मात्र त्यानं नेहमीच्याच निगुतीनं केलं, हे सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप. चौकातून गाडी अशी सुटली, की बाजारातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सपाटीवर खरोखरच हलकी वाटत होती. नानाशेट मिशीला पीळ देत बाजारपेठेच्या टोकापर्यंत बसून आले आणि तिथं उतरले. त्यांना जे बघायचं होतं ते दिसलं होतं.

वाघोबाशी आलो तर दगडाच्या पलीकडं मिस्त्री उकिडवा बसलेला. आमच्या आधी निघून तीन मैल चालत आला होता. मी टहाळी ठेवता ठेवता म्हटलं, "काय, आपल्या हातची करामत बघायला आलात?" मी शिटी मारली. गणपतनं ब्रेक सोडला, क्लच सोडला, आणि इंजिन एकदा खाकरून गप्प झालं. गाडी मागं निघाली. ब्रेकवर ती उभी राहायची खरी, पण एकदा घरंगळायला लागली की भरल्या गाडीला तो आवरायचा नाही. आत बायांनी देवाचा धावा केला. हात-दीड हात मागं आली असेल, तेवढ्यात मिस्त्रीनं पायलीएवढा एक दगड उजव्या मागच्या चाकाखाली सारला, पळत जाऊन दुसरा डाव्या चाकाखाली. गाडी थांबली. मी पुढं जाऊन इंजिन चालू करायचं हँडल मारलं. तिसऱ्या खेपेला गणपतनं इंजिन ओरडवून ओरडवून कशीबशी गाडी उठवली. मागं वळून बघितलं तर मिस्त्री ते दगड उचलून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवत होता.

आता मला सांगा, यातला एक शब्द तरी नानाशेटच्या कानावर जायला नको होता का? पण गणपतला नोकरी होती आणि मलाही होती. नानाशेट संध्याकाळी विचारायचे, "काय गणपत, कशी पळते?" गणपत म्हणायचा, "झकास." माझ्याकडं बघायचे, मी म्हणायचो, "उत्तम." एवढे आम्ही दोघं शूर. आणि मिस्त्रीला भित्रा म्हणत होतो आम्हीच.

मध्ये एकदा गणपतनं अक्कल लढवली. म्हणाला, वाघोबाला थांबायचंच नाही, तू चालत्या गाडीतून टहाळी फेक. मी फेकली. मागच्या बाकावरच्या एका आजीनं माझी कॉलर धरली. "मेल्या, कुत्र्याला भाकर टाकल्यागत देवाला पाला टाकतूस? थांबव गाडी! मना उतरव हितंच!" तिच्यामागून सगळी गाडी उतरायला उठली. गणपतला थांबवावीच लागली, आणि नेमकी सगळ्यांत वाईट वळणावर. त्या दिवशी मिस्त्री आपले दोन्ही दगड छातीशी धरून चढावर धावत आला. पोचल्यावर त्याला बराच वेळ श्वास घेता येईना. पुन्हा आम्ही तो प्रयोग केला नाही.

रोज सकाळी तो तिथं असे. पावसाळ्याआधीचे दिवस, ऊन सकाळपासूनच चटके द्यायचं. मी रोज काहीतरी टाकून बोलायचो. "काय, वाघोबाचे पुजारी झालात वाटतं!" "अहो, एवढी धास्ती होती तर घातलंत कशाला?" तो म्हणायचा, "हां." बस. चौकातही पसरलं होतं, की जोमाला आपल्याच कामाची धडकी भरली आहे, म्हणून रोज तीन मैल जाऊन बसतो. हॉटेलातली माणसं, नानाशेट आसपास नसले की, त्याला 'दगडू मिस्त्री' म्हणायला लागली. हे नाव मीच पाडलं. आता सांगायला जीभ अडखळते, पण मीच पाडलं.

तू का नाही चाकामागं दगड लावलास, असं कुणी मला विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. मी देवाशी गुंतलेला, मग पुढं हँडलशी. आणि खरं सांगायचं तर दगड उचलणं हे कंडक्टरच्या इभ्रतीला शोभत नाही, असं माझं मत होतं. उतारू आपापली गाठोडी धरून बसलेले. त्या चढावर मागच्या चाकांकडं लक्ष असलेला माणूस एकच होता.

महिना होत आला असेल. नानाशेटची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला सासरी पोचवायचं होतं. कर्जतला पुढची आगगाडी गाठायची. मोटार तिच्या ट्रंका, पाळणा, लाडवांचे डबे यांनी गच्च भरली. नानाशेट स्वतः पुढं बसले. शेजारी मुलगी, मांडीवर तीन महिन्यांचं बाळ, टोपडं घातलेलं. हलकं चाक बसवल्यापासून नानाशेट पहिल्यांदाच चढण ओलांडणार होते. गणपतच्या कपाळावर बाजारपेठेतच घाम आला होता.

वाघोबा दिसायला लागला. माझी नजर सवयीनं दगडापलीकडं गेली. मिस्त्री नव्हता.

गणपतनंही बघितलं असावं, कारण त्यानं एकदम माझ्याकडं मान वळवली. पण थांबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गाडी थांबली. मी उतरलो आणि पाहतो तर देवाच्या मागं एक बाई उभी. कासोटा घट्ट खोचलेला, तो पायलीएवढा दगड छातीशी धरलेला, दुसरा पायाशी. मिस्त्रीची बायको, येसूबाई.

"ती बाई कोण? देवाला दगड वाहायला आलीय का काय?" नानाशेटनी खिडकीतनं विचारलं.

मी टहाळी ठेवली. शिटी मारली. गणपतनं क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं. गाडी मागं निघाली, भरलेली असल्यामुळं रोजच्यापेक्षा जोरात. नानाशेटची मुलगी किंचाळली. येसूबाई मागं सरली नाही. चाकाच्या वाटेत वाकली, दगड ठेवला आणि हात काढून घेतला. चाक त्यावर चढायला बघत होतं, थरथरलं, थांबलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, दुसरा दगड उचलला आणि शांतपणे डाव्या चाकामागं नेऊन ठेवला. उजवं मागचं चाक ओढ्याच्या कडेपासून वीतभर राहिलं होतं.

नानाशेट उतरले. कड बघितली, दगड बघितले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू जोमाची ना?"

"व्हय."

"इथं काय करतेस?"

"ह्यांना हिवताप भरलाय कालपासनं. उभं ऱ्हावंना. म्हनले, तू जा." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "आदी उजव्या चाकामागं, मंग डाव्या, असं दोनदा घोकून घेतलं माज्याकडनं. वढा उजवीकडं हाय म्हनून."

"म्हणजे जोमा इथं येतो?"

"रोज. गाडी चालू झाली तवापासनं. यांनी सांगितलं नाय तुमाला?" असं म्हणून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

मी टोपी काढून हातात घेतली. गणपत स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

नानाशेटनी मुलीला हाताला धरून खाली उतरवलं, बाळाला स्वतः उचलून घेतलं आणि सगळ्या उतारूंना चढ चालत चढायला सांगितलं. रिकामी गाडी गणपतनं वर नेली. मुलीची रवानगी झाली. परतल्यावर चौकात गाडी थांबल्याबरोबर नानाशेट तडक मिस्त्रीच्या खोपटात शिरले. मी मागोमाग गेलो. जायचा मला काही अधिकार नव्हता, पण पाय थांबेनात.

मिस्त्री दोन गोधड्या आणि घोंगडं पांघरून भिंतीशी मुटकुळं करून पडला होता. दात कडकडा वाजत होते. आम्हाला बघून उठायला लागला.

"पडून राहा," नानाशेट ओरडले. आवाज चढला होता, पण तो राग नव्हता. "गाडी आजपासून उभी. तू बरा झालास की जुनं चाक घाल. तोवर लोकं चालतील." मग त्यांना राहवलं नाही. "जोमा, तुला सगळं ठाऊक होतं. मला आठ दिवस सांगत होतास. सगळ्यांसमोर नाही म्हणालास. मग शेवटी घातलंस कशाला, गाढवा?"

मिस्त्रीनं घोंगडं गळ्यापर्यंत ओढलं. ताप एवढा, की शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता.

"मी घातलं नसतं तर तुमी खालापूरवाल्याकडनं घातलं असतं, शेट," तो म्हणाला. "तो घालून आपल्या घरी गेला असता. मंग चढनीवर दगड घेऊन कोन बसलं असतं?"

नानाशेट तिथंच जमिनीवर बसले. मी दारातच उभा राहिलो.